लोहचुंबक आणि बॅटरी : समज व वस्तुस्थिती

विजेरी, पाठीवरचा फवारणी पंप, सौर कंदील आणि कुंपणाचे झटका यंत्र या वस्तूंनी आता डोंगराळ भागातील शेतकऱ्याच्या घरातही स्थान मिळविले आहे. घोडेगावहून भीमाशंकरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील तळेघर व त्याच्या परिसरातील वाड्यांमध्ये भात, नाचणी व वरई ही पिके निसवू लागली की रानडुकरांपासून त्यांची रात्रंदिवस राखण करावी लागते. खाली मंचर-नारायणगावकडील बागायती पट्ट्यात टोमॅटो व कांद्यावरील फवारणी बॅटरीवरच्या पंपाने होते, आणि उसाच्या त्या प्रदेशात बिबट्याचा वावर असल्याने रात्री पाणी धरावयास जाणाऱ्या माणसाच्या हातातील विजेरी ऐनवेळी विझणे ही केवळ गैरसोयीची बाब राहत नाही. अशा स्थितीत बॅटरी अधिक काळ टिकावी म्हणून शेतकरी नाना उपाय करून पाहतात, यात नवल नाही.

या उपायांपैकी लोहचुंबकाचा उपाय अलीकडे वारंवार कानी येतो. बॅटरीस लोहचुंबक बांधून ठेवल्यास ती आपोआप भरते, निदान लवकर उतरत नाही, असे काहींचे म्हणणे असते. तर जवळ लोहचुंबक आल्यास बॅटरीतील वीज ओढली जाते व ती निकामी होते, असे दुसरे काही तितक्याच ठामपणे सांगतात. जुन्या लाऊडस्पीकरमधून काढलेला लोहचुंबक पंपाच्या बॅटरीस दोरीने बांधलेला अनेक ठिकाणी आढळून येतो. 'बॅटरीची शक्ती वाढविणाऱ्या' चुंबकपट्ट्या विकणारे फिरते विक्रेतेही अधूनमधून येतात. हे दोन्ही समज परस्परविरोधी आहेत आणि दोन्ही चुकीचे आहेत. ते तसे का, हे समजण्यासाठी प्रथम बॅटरी म्हणजे काय ते पाहिले पाहिजे.

ग्रामीण भागात 'बॅटरी' हा शब्द विजेरीलाही लावतात व तिच्यातील घटालाही. प्रस्तुत लेखात बॅटरी म्हणजे वीज पुरविणारा घट किंवा अशा घटांचा समूह, असा अर्थ घ्यावा. बॅटरीत वीज ही धान्यासारखी भरून ठेवलेली नसते. तिच्यात दोन भिन्न पदार्थ व त्यांच्यामध्ये एक द्रावण किंवा ओलसर लगदा असतो. तारेने बाहेरचे मंडल पूर्ण केले की या पदार्थांत रासायनिक क्रिया सुरू होते आणि त्या क्रियेतून विद्युत्प्रवाह मिळतो. पदार्थ संपले की क्रिया थांबते. विजेरीच्या साध्या सेलमध्ये जस्ताचे भांडे, मधोमध कार्बनची कांडी आणि भोवती मँगनीज डायऑक्साइडचा काळा मसाला असतो. लगद्यात नवसागर किंवा जस्ताचे क्लोराइड घातलेले असते. सेल वापरात असता जस्त झिजत जाते. सेल फुटून जो चिकट द्रव बाहेर येतो, तो याच झिजलेल्या भांड्यातून पाझरलेला असतो.

पंपाच्या, सौर दिव्याच्या व ट्रॅक्टरच्या बॅटरीत बहुधा शिशाचे पत्रे व सौम्य गंधकाम्ल असते. १२ व्होल्टच्या बॅटरीत सुमारे २ व्होल्टचे सहा घट असतात. बॅटरी उतरताना दोन्ही बाजूंच्या पत्र्यांवर शिशाचे सल्फेट तयार होते व अम्ल पातळ होत जाते. चार्ज करताना बाहेरून उलट दिशेने वीज देऊन हीच क्रिया मागे फिरवितात. मोबाइल संचात, नव्या विजेऱ्यांत व काही नव्या पंपांत लिथियमची बॅटरी असते. तिची रचना वेगळी असली तरी तत्त्व हेच आहे.

लोहचुंबक सेलला चिकटतो, हे बहुतेकांनी पाहिलेले असते, आणि 'चिकटतो त्याअर्थी आतील विजेशी त्याचा काहीतरी संबंध असणार' असा तर्क त्यावरून केला जातो. परंतु तो चिकटतो तो सेलच्या बाहेरील पोलादी पत्र्याला. सेल पूर्ण भरलेला असो वा पूर्ण उतरलेला असो, तो सारखाच चिकटेल. जस्त, कार्बन व शिसे यांना लोहचुंबक ओढत नाही. पंपाच्या शिशाच्या बॅटरीस तो लावून पाहावा; प्लॅस्टिकच्या पेटीवरून तो निसटून खाली पडेल, फार तर एखाद्या लोखंडी बोल्टाला धरून राहील.

आता आतील क्रियेवर चुंबकाचा काही प्रभाव पडतो काय, हा प्रश्न उरतो. येथे शास्त्राचा नियम स्पष्ट आहे. स्थिर असलेल्या विद्युत्भारावर स्थिर चुंबकाचा कोणताही जोर चालत नाही. भार गतिमान असेल तरच चालतो, आणि तोही त्याच्या गतीला आडवा, म्हणजे त्याला पुढे ढकलणारा किंवा मागे ओढणारा नव्हे. बॅटरीच्या द्रावणात विद्युत्भार वाहून नेणारे कण, ज्यांना आयन म्हणतात, ते सेकंदाला मिलिमीटरच्या लहानशा अंशाइतकेच पुढे सरकतात. हिशेबासाठी हा वेग मुद्दाम जास्त, म्हणजे सेकंदाला १ मिलिमीटर धरला, आणि चुंबकाचे क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या सुमारे २५०० पट, म्हणजे ०.१ टेस्ला धरले, तरी १ सेंटिमीटर अंतरात त्यामुळे निर्माण होणारा दाब हा १ व्होल्टचा दहा लाखावा भाग इतकाच येतो. साध्या सेलचा दाब १.५ व्होल्ट असतो. भरलेल्या विहिरीत पाण्याचा एक थेंब टाकल्याने तिची पातळी जितकी वाढेल, तितकाच हा परिणाम समजावा. प्रयोगशाळांमधून अतिशय प्रबल चुंबकांच्या साहाय्याने द्रावणात ढवळण घडवून आणता येते व धातूचा थर बसण्याच्या क्रियेवर त्याचा परिणाम दिसतो, हे खरे आहे. परंतु त्याचा आपल्या विजेरीशी संबंध नाही.

दुसरा हिशेब याहून सोपा आहे. पंपाची १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासांची बॅटरी पूर्ण भरली असता तिच्यात ९६ वॉट-तास, म्हणजे सुमारे ३ लक्ष ४५ हजार ज्यूल ऊर्जा असते. लाऊडस्पीकरच्या लोहचुंबकात साठलेली एकूण ऊर्जा थोड्याशा ज्यूलांपलीकडे जात नाही. एक लिटर पाणी एक फूट वर उचलावयास सुमारे ३ ज्यूल लागतात, हे लक्षात घेतले म्हणजे प्रमाणाची कल्पना येईल. शिवाय ही अल्प ऊर्जाही चुंबकाचे चुंबकत्व घालविल्याखेरीज बाहेर काढता येत नाही. जो पदार्थ वर्षानुवर्षे बांधून ठेवला तरी जसाच्या तसा राहतो, त्याने बॅटरीत काही भर घातली असे मानण्यास जागा नाही.

असे असले तरी वीज व चुंबक यांचे नाते काल्पनिक नाही, आणि गैरसमजाचे मूळही कदाचित येथेच असावे. डेन्मार्कमधील शास्त्रज्ञ अर्स्टेड यांना १८२० साली असे आढळले की तारेतून प्रवाह सुरू केला असता तिच्याजवळील होकायंत्राची सुई हलते. ही गोष्ट आपल्याच राज्यात एका संस्थेस स्थलांतर करावयास कारण झाली. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घेतल्या जात असत. शहरातील ट्रामगाड्या विजेवर चालविण्याचे ठरल्यावर त्या प्रवाहांमुळे वेधशाळेची नाजूक उपकरणे बिघडलेल्या नोंदी देतील हे उघड झाले. म्हणून ही निरीक्षणे १९०४ साली अलिबाग येथे हलविण्यात आली आणि तेथील इमारतीत चुंबकीय नसलेलेच साहित्य वापरण्यात आले. मुंबईत विजेची ट्राम १९०७ साली सुरू झाली. येथे प्रवाहाने चुंबकाच्या सुईवर परिणाम केला, हे ध्यानात ठेवावे. चुंबकाने प्रवाहाच्या उगमावर नव्हे.

उलट बाजूचा शोध मायकेल फॅराडे यांनी १८३१ साली लावला. तारेच्या वेटोळ्यात लोहचुंबक आत-बाहेर हलविला तर तारेत वीज उत्पन्न होते. तो आत नुसता ठेवून दिला तर होत नाही. सारे मर्म 'हलविणे' या शब्दात आहे. सायकलीचा डायनॅमो ज्यांनी वापरला असेल त्यांना याचा अनुभव आहे. डायनॅमो चाकाला टेकविला की पायडल जड होते. दिव्यास मिळणारी वीज चुंबकातून येत नसून आपल्या पायांतून येते. चुंबक हा केवळ मध्यस्थ होय. मोटारसायकलीचे मिस्त्री 'मॅग्नेट कॉइल गेली म्हणून बॅटरी चार्ज होत नाही' असे म्हणतात, तेही बरोबरच आहे, कारण तेथे इंजिन लोहचुंबकास वेटोळ्यांभोवती फिरवीत असते व खर्च पेट्रोलचा होतो. ट्रॅक्टरच्या अल्टरनेटरची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. त्यातील चुंबक बहुधा कायमचा नसतो. बॅटरीतूनच थोडी वीज घेऊन तो तयार करावा लागतो. म्हणून बॅटरी अगदीच मृत झालेली असल्यास ट्रॅक्टर ढकलून सुरू केला तरी काही वेळा ती चार्ज होत नाही. मिस्त्रीच्या तोंडचे हे वाक्य ऐकून कोणी घरी स्वस्थ बसलेला चुंबक बॅटरीस बांधला, तर त्यास फार दोष देता येणार नाही. परंतु बांधलेला चुंबक फिरत नाही, आणि जवळ वेटोळेही नाही.

मग 'आम्ही बांधून पाहिला आणि गुण आला' असे जे शेतकरी सांगतात, ते खोटे बोलतात काय? तसे मुळीच नाही. त्यांनी पाहिलेले खरे असते, कारण मात्र दुसरे असते. बॅटरी सतत वापरली असता पत्र्यालगतचे द्रावण तेवढ्यापुरते क्षीण होते व दाब खाली जातो. तिला काही तास विश्रांती दिली की आतील द्रावण पुन्हा एकसारखे होते आणि दाब थोडा वर येतो. रात्री मंद झालेली विजेरी सकाळी पुन्हा बरी पेटते ती यामुळे. रात्रभर तिला लोहचुंबक बांधलेला असेल तर श्रेय त्यास मिळते. सेल उन्हात ठेवून पुन्हा वापरण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. तेथेही ऊब लागल्याने रासायनिक क्रिया थोडा वेळ जोमाने चालते, एवढेच. नवी शक्ती आत येत नाही, आणि असा सेल लवकरच फुटून विजेरी खराब करतो.

विक्रेत्याच्या प्रात्यक्षिकाविषयी एक सूचना येथे केलीच पाहिजे. तो बॅटरीस काट्याचा मीटर जोडतो, चुंबकपट्टी जवळ आणतो आणि काटा हललेला दाखवितो. काट्याच्या मीटरमध्ये स्वतःचाच एक लोहचुंबक असतो व त्याच्या क्षेत्रात फिरणाऱ्या वेटोळ्यावर काटा बसविलेला असतो. बाहेरचा जोरदार चुंबक जवळ आला की हे क्षेत्रच बदलते व काटा चुकीचे माप दाखवितो. बॅटरी होती तशीच असते. अशा वेळी चुंबक बॅटरीच्या जवळ परंतु मीटरपासून हातभर दूर धरण्यास सांगावे, किंवा आकडे दाखविणारा मीटर जोडावा.

ज्यांना स्वतः खात्री करून घ्यावयाची आहे, त्यांनी पुढील प्रयोग करावा. आश्रमशाळेतील विद्यार्थ्यांकडूनही तो सहज होईल. एकाच प्रकारच्या दोन विजेऱ्या घ्याव्यात आणि दोहोंत एकाच पुड्यातील नवे सेल घालावेत. एकीस लाऊडस्पीकरचा लोहचुंबक बांधावा व दोन्ही एकदम पेटवून ठेवाव्यात. दर तासाला प्रकाशाची तुलना करून कोणती कधी मंद झाली ते कागदावर लिहावे. दुसऱ्या खेपेस पुन्हा नवे सेल घालून चुंबक दुसऱ्या विजेरीस बांधावा. ही अदलाबदल महत्त्वाची आहे, कारण दोन विजेऱ्या दिसावयास सारख्या असल्या तरी त्यांचा वीजखर्च थोडा निराळा असू शकतो आणि एकाच प्रयोगाने फसगत होते. ज्यांना एवढा खटाटोप नको, त्यांनी आपल्या फवारणी पंपाकडेच पाहावे. त्यातील लहान मोटारीत लोहचुंबक असतात आणि ते त्याच पंपात बॅटरीच्या शेजारी दिवसरात्र नांदत असतात. चुंबकाने बॅटरी भरत असती तर पंपास चार्जर लागला नसता, आणि चुंबकाने ती मरत असती तर पंप विकलाच गेला नसता.

येथवर जे सांगितले त्यावरून लोहचुंबक बॅटरीजवळ कसाही हाताळावा असा अर्थ मात्र काढू नये. लाऊडस्पीकरमधील काळा, मातकट चुंबक वीज जवळजवळ वाहून नेत नाही. परंतु हल्ली मिळणारे चकचकीत, लहान पण अतिशय जोरदार चुंबक धातूचे असतात. असा चुंबक पोलादी पत्र्याकडे झेप घेतो, आणि बॅटरीच्या दोन्ही टोकांना एकदम स्पर्श झाल्यास सरळ शॉर्ट सर्किट होते. लिथियमची बॅटरी त्यामुळे तापून पेट घेऊ शकते. लोखंडी खिळा किंवा पान्हा आडवा पडला असता जे होईल तेच हे होय; त्यात चुंबकत्वाचा दोष एवढाच की त्याने धातू तेथे ओढून आणला. त्याचप्रमाणे काही उपकरणांत चुंबकाने चालू होणारे बटन असते. जवळ चुंबक राहिल्यास असे उपकरण नकळत चालू राहते आणि बॅटरी उतरते. 'चुंबकाने वीज ओढली' या समजुतीचे काही दाखले यातून आलेले असावेत. हृदयास पेसमेकर बसविलेल्या माणसाने मात्र जोरदार चुंबक छातीपासून दूरच ठेवावा, कारण त्याने त्या यंत्राची काम करण्याची पद्धत बदलते. हे लहान चुंबक व बटनाच्या आकाराचे सेल मुलांच्या हाती देऊ नयेत. पोटात गेल्यास दोन्ही जीवघेणे ठरतात व अशा वेळी वाट न पाहता मुलास रुग्णालयात न्यावे.

बॅटरी खरोखर कशाने मरते, हे आता पाहू. शिशाच्या बॅटरीचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे ती उतरलेल्या स्थितीत पडून राहणे. पत्र्यांवर जमलेले शिशाचे सल्फेट प्रथम मऊ असते व चार्ज करताच विरघळते. परंतु बॅटरी तशीच आठवडेच्या आठवडे राहिली तर त्याचे कठीण स्फटिक बनतात आणि मग चार्जर कितीही वेळ लावला तरी ते पूर्णपणे परत फिरत नाहीत. फवारणीचा हंगाम संपला की पंप धुऊन माळ्यावर टाकला जातो आणि पुढील हंगामात 'नवी बॅटरी वर्षातच गेली' अशी तक्रार येते. वास्तविक ती माळ्यावर मेलेली असते. पंप ठेवण्यापूर्वी बॅटरी पूर्ण चार्ज करावी व नंतर एक-दोन महिन्यांनी एकदा पुन्हा चार्ज करावी. आकडे दाखविणारा साधा मीटर गावात एक असला तरी पुरतो. चार्ज करून काही तास स्वस्थ ठेवलेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीचा दाब १२.६ ते १२.८ व्होल्ट असावा; १२.२ च्या आसपास असल्यास ती निम्मी उतरली आहे असे समजावे आणि ११.८ च्या खाली गेल्यास त्याच दिवशी चार्ज करावी.

तळेघरच्या बाजूस पावसाळ्यात दिवसचे दिवस सूर्य दिसत नाही व धुके खाली उतरते. अशा काळात सौर पत्र्यापासून मिळणारी वीज फारच थोडी असते, तरीही दिवा व झटका यंत्र रोजच्यासारखे चालू राहतात. बॅटरी हळूहळू खाली जाते आणि सल्फेट घट्ट होण्यास हाच काळ अनुकूल ठरतो. म्हणून पावसाळ्यात दिव्याचा वापर आवरता घ्यावा, आणि वीज असेल त्या दिवशी योग्य चार्जरने बॅटरी भरून घ्यावी. झटका यंत्राच्या तारेस गवत व वेली टेकल्या असतील तर प्रत्येक ठोक्यास वीज जमिनीत जाते. तारेखालची बेणणी केल्याने बॅटरीस जितका आराम मिळतो तितका दुसऱ्या कशानेही मिळत नाही. दमट हवेने टोकांवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पुटे चढतात. ती कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून पुसावीत, मात्र हे पाणी झाकणातून आत जाऊ देऊ नये. टोके कोरडी करून वर थोडे ग्रीस लावावे.

ज्या बॅटरीस पाण्याची झाकणे असतात तिच्यात पत्रे बुडतील इतके डिस्टिल्ड वॉटरच घालावे. विहिरीचे किंवा झऱ्याचे पाणी कितीही निर्मळ दिसले तरी त्यातील क्षार पत्र्यांना मारक असतात, आणि वरून अम्ल तर कधीच घालू नये. चुंबकपट्टीस लागणाऱ्या पैशात डिस्टिल्ड वॉटरच्या कित्येक बाटल्या येतात. चार्ज होत असताना बॅटरीतून ज्वालाग्राही वायू निघतो, म्हणून ती चुलीच्या खोलीत किंवा बंद कोठीत चार्ज करू नये. उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखाली ती तापत राहिल्यास तिचे आयुष्य झपाट्याने कमी होते. घरातील थंड, कोरडी व वारा खेळणारी जागा तिच्यासाठी निवडावी. साधे सेल विजेरीत बरेच दिवस न वापरता ठेवू नयेत, तसेच जुने व नवे सेल एकत्र घालू नयेत.

निकामी झालेली शिशाची बॅटरी घरी फोडू नये व गोठ्याच्या मागे किंवा उकिरड्यावर टाकू नये. तिच्यातील पत्र्यांना व राखेसारख्या भुकटीला किंचित गोडसर चव असते. गाईगुरे ती आवडीने चाटतात आणि शिशाची विषबाधा होऊन दगावतात. अशी बाधा झाल्यास जनावर आंधळ्यासारखे भिंतीवर आदळते, दात खाते व झटके देते. त्वरित पशुवैद्यकास बोलवावे व बॅटरीचे तुकडे कोठे पडले आहेत ते शोधावे. काही देशांतील दुग्धव्यावसायिक गाईच्या पोटात गेलेल्या तारा व खिळे एका जागी धरून ठेवण्यासाठी तिला गुळगुळीत लोहचुंबक गिळावयास देतात, परंतु शिशावर त्याचा काही उपयोग होत नाही, कारण शिसे चुंबकाला चिकटत नाही. जुनी बॅटरी परत घेऊन तिची योग्य विल्हेवाट लावण्याची जबाबदारी २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार उत्पादकांवर आहे. नवी बॅटरी घेताना जुनी दुकानदाराकडे जमा करावी. शिशाच्या वजनाप्रमाणे तिची किंमतही सहसा वजा करून मिळते.